सरासरीच्या आड दडलेले खड्डे

पावसाळा आला की अंबाजोगाईहून केज, परळी व लातूर यांकडे जाणाऱ्या रस्त्यांची चर्चा सुरू होते, आणि खड्डे बुजले की ती संपते. दोष कधी कंत्राटदाराच्या नियतीला दिला जातो, तर कधी पावसात फुगून उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीला. ही कारणे खोटी नव्हेत. तथापि तिसऱ्या एका कारणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते म्हणजे डांबरमिश्रणाच्या उत्पादनातील चढउतार.

मिश्रणात डांबर कमी पडले तर खडी सुटते व पाणी आत शिरते. ते अधिक झाले तर उन्हाळ्यात वर येते आणि उसाच्या ट्रॉल्या व परळीची राख वाहणारी अवजड वाहने यांच्या चाकांखाली रस्त्यात चाकोऱ्या पडतात. म्हणूनच केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या 2013 च्या विनिर्देशांत डांबराचे प्रमाण ठरल्यापेक्षा 0.3 टक्क्यांहून अधिक ढळू नये, असे बंधन आहे.

समजा, ठरलेले प्रमाण 5.4 टक्के आहे. एका दिवसाचे पाच नमुने 5.3, 5.4, 5.5, 5.4 व 5.4 असे आले. दुसऱ्या दिवसाचे 5.0, 5.8, 5.1, 5.7 व 5.4 असे आले. दोन्ही दिवसांची सरासरी 5.4 हीच! परंतु दुसऱ्या दिवशी दोन नमुने मर्यादेबाहेर आहेत, आणि त्या मालाचा रस्ता कोठे उखडेल तर कोठे खचेल. वाहन सरासरीवरून धावत नाही. ते प्रत्येक फुटावरून धावते.

हे शास्त्र नवे नाही. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये नियंत्रण-आलेख मांडला. प्रत्येक उत्पादनात काही चढउतार स्वाभाविक असतात. सरासरीच्या दोहों बाजूंस प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर रेषा आखल्या की त्यांपलीकडे गेलेला बिंदू विशिष्ट बिघाडाची सूचना देतो. खडी पावसाने ओली झाली असेल, चाळणी फाटली असेल, डांबराचा पंप बिघडला असेल. माल रस्त्यावर पसरण्यापूर्वीच यंत्र थांबविता येते. 1947-48 मध्ये शूहार्ट भारतात येऊन गेले. पुढे इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या प्रचंड रस्ते-प्रयोगाने दाखवून दिले की, कडक देखरेखीखालीही रस्त्याच्या मालात चढउतार राहतातच. ते नाकारण्यापेक्षा मोजणे शहाणपणाचे, हा धडा तेथील अभियंत्यांनी घेतला. आपल्या विनिर्देशांतही मातीकामाच्या दाबणीसाठी प्रमाण विचलन विचारात घेतले आहे. म्हणजे हे तत्त्व खात्यास परके नाही.

मग अडते कोठे? आमच्या मते ते नमुना घेण्याच्या पद्धतीत अडते. कोणत्या गाडीतून नमुना घ्यावा हे हजर असलेल्या माणसाच्या मर्जीवर राहिले, तर आलेख कितीही सुबक काढला तरी तो शोभेचाच ठरेल. गाडीचा क्रमांक यादृच्छिक अंकांवरून, आगाऊ न कळविता ठरावा. प्रत्येक निकाल त्याच दिवशी आलेखावर चढावा, आणि वाईट निकाल खोडून फेरनमुना घेण्याची मुभा नसावी. काम चालू असतानाच तो आलेख नागरिकांस पाहावयास मिळावा. ओळीने सर्व निकाल जेथे तंतोतंत सारखे येतात, तेथे शाबासकीपूर्वी चौकशी व्हावी. कारण निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो.

या व्यवस्थेने प्रामाणिक कंत्राटदाराचे नुकसान होणार नाही. उलट, एखाद्या नमुन्याच्या अपघाती दोषावरून त्यास दंड करण्याचा अन्याय टळेल. आणि खेड्यापाड्यांतून येथील शासकीय रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णास रस्ता पहिल्या पावसानंतरही साथ देईल. उद्‌घाटनाच्या दिवशी रस्ता कसा दिसला याची छायाचित्रे पुष्कळ निघतात. तो कसा तयार झाला याचा आलेख मागण्याचा हक्क मात्र जनतेने आता बजावलाच पाहिजे.