तेवीस सेंटांची योजना

१ जुलै २०२२ पासून अमेरिकेच्या कामगार खात्याने एका योजनेचे नवे अर्ज मंजूर करणं थांबवलं. संसदेने मुदत वाढवली नाही, एवढंच झालं. परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्यांना नवं काम शिकवायचं आणि शिकेपर्यंत भत्ता द्यायचा, अशी ही केनेडींच्या काळातली, १९६२ ची योजना. ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ तिचं नाव. तिला वाली कुणीच नव्हता. रिपब्लिकनांना ती उधळपट्टी वाटे, आणि कामगार संघटना तिला मयताचा विमा म्हणून हिणवत.

उधळपट्टी म्हणावी एवढा पैसा तिच्यात होता का? एकदा होता. १९८० मध्ये जपानी गाड्यांच्या लाटेत मोटार कारखान्यांतले कामगार बेकार झाले आणि खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. रेगन यांनी पुढच्याच वर्षी कात्री लावली. २०१५ च्या कायद्यात तर प्रशिक्षणादी सेवांना वर्षाला ४५ कोटी डॉलरची मर्यादाच घातली होती.

पण ही योजना आखडली म्हणून सरकारचा खर्च टळतो, हे काही खरं नाही. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये चिनी आयातीचा हिशेब जिल्ह्या-जिल्ह्यांच्या पातळीवर मांडला. कामगारामागे आयातीचा मारा हजार डॉलरने वाढला, की त्या भागात माणशी सरकारी मदत सुमारे ५८ डॉलरने वाढते. त्यात या योजनेचा वाटा २३ सेंट. अपंगत्व भत्त्याचा आठ डॉलरांहून जास्त. बाकीचा भार वैद्यकीय मदत, निवृत्तिवेतन वगैरेंवर. कंबरदुखी घेऊनही यंत्रावर उभा राहणारा माणूस कारखाना बंद पडल्यावर अपंगत्वाचा अर्ज भरतो. एकदा तो भत्ता सुरू झाला की कामावर परतणारे थोडेच.

योजनेतलं एक कलम मात्र मला फार शहाणपणाचं वाटतं. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली, तर फरकाची निम्मी रक्कम सरकार दोन वर्षं देई, एकूण दहा हजार डॉलरपर्यंत. वर्षाला चाळीस हजार मिळवणारा तीस हजारांवर आला, तर त्याच्या हाती वर्षाला पाच हजार जादा. माणूस घरी बसत नाही, बेकारभत्ता वाचतो, वर तो करही भरतो. हायमन, कोव्हॅक आणि लीव्ह यांच्या अभ्यासानुसार हे कलम आपला खर्च आपणच भरून काढतं. योजनेबरोबर तेही गेलं.

आणि पैसा नव्हता म्हणावं, तर २०१८-१९ आठवा. ट्रम्प यांच्या आयातशुल्काला चीनने उत्तर दिलं, सोयाबीनचे भाव पडले आणि शेतकऱ्यांसाठी दोन वर्षांत २८ अब्ज डॉलर जाहीर झाले, तेही संसदेकडे वेगळी मंजुरी न मागता. ४५ कोटींच्या मापाने ही बासष्ट वर्षांची तरतूद! शेतकऱ्याला मदत मिळाली याचं दुःख नाही. त्याच व्यापारयुद्धात महागलेल्या पोलादाने ज्याची नोकरी गेली, त्याच्यासाठी असं काहीच निघालं नाही.

आपण हसायचं कारण नाही. उदारीकरणात होरपळणाऱ्या कामगारांना नवं कौशल्य द्यायला म्हणून १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. त्यातला बहुतेक पैसा सरकारी उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला.