परसात शेवगा हवाच!

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या कामाला घरोघरी जाते, तेव्हा एकच तक्रार ऐकते, 'ताई, जिना चढला तरी धाप लागते हो!' २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच. पण ताटात शेवग्याचा पालाही हवा, वर लिंबू पिळून.

पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड फांदी खोचा किंवा बी पेरा. पाणी साचलं की मुळं कुजतात. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतील. 'दारात शेवगा नको' म्हणतात, कारण लाकूड ठिसूळ. म्हणून भिंतीपासून लांब लावा.

आणि हो, भाजी सगळ्यांना वाढून उरली तरच आपण खायची, हे आता पुरे!