डिमेलोची शवपेटी



गेल्या महिन्यात आपल्या एका वयोवृद्ध वाचकबंधूंचे पत्र मला आले. अक्षर थरथरते, परंतु संताप ठाम होता. त्यांच्या नातवाने घरी एक जुना हिंदी चित्रपट लावला होता. त्यात डिमेलो नावाच्या गृहस्थाची शवपेटी रस्त्यावरून फरफटत नेली जाते, आतल्या मृताला साडी नेसवून नाटकाच्या रंगमंचावर उभे केले जाते, आणि हे पाहून घरातली सारी मुले पोट धरून हसत होती. ‘फादर, ही आपल्या मृतांची चेष्टा आहे. आपण ह्याविरुद्ध कडक शब्दांत लिहावे,’ अशी त्यांची सूचना होती.

जो चित्रपट पाहिला नाही त्याच्याविरुद्ध लिहिणे मला प्रशस्त वाटेना. योगायोगाने त्याच आठवड्यात मला भोपाळला जावे लागले. माझ्या आतेबहिणीचा जावई मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत अभियंता आहे. चार इमली नावाच्या वस्तीत त्याचा सरकारी बंगला आहे. इमली म्हणजे आपली चिंच. मूळच्या चार चिंचा कोणत्या हे मला तरी कोणी दाखवले नाही. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या पाट्या मात्र फाटकाफाटकावर दिसल्या. रात्री जेवणे झाल्यावर मी पत्राची हकिकत सांगितली. जावई म्हणाला, “फादरमामा, तो ‘जाने भी दो यारो’. चला, आत्ताच पाहू.” नगरपालिका, कंत्राटे व पूल ह्यांवरचा तो चित्रपट मी अशा रीतीने अधिकाऱ्यांच्या वस्तीत बसून पाहिला.

कुंदन शहा ह्यांचा हा पहिलाच चित्रपट. १९८३ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर, सुमारे सात लाख रुपयांत, तो तयार झाला. पहिल्या चित्रपटाबद्दलचे राष्ट्रीय पारितोषिक दिग्दर्शकास मिळाले. कथा थोडक्यात अशी. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब छायाचित्रकार मुंबईत दुकान काढतात. बागेत काढलेले एक छायाचित्र मोठे करून पाहताना त्यांना त्यात खून दिसतो. महापालिकेचे आयुक्त डिमेलो ह्यांना तरनेजा नावाच्या बिल्डरने संपवलेले असते, कारण आयुक्तसाहेबांनी त्याचा प्रतिस्पर्धी अहुजा ह्याच्याशी संधान बांधले होते. पुढे तोच तरनेजा पूल बांधतो आणि पुलाला डिमेलोचेच नाव देतो!

आता पात्रांकडे वळू. विनोदी चित्रपटात नट तोंडे वेंगाडतील, डोळे फिरवतील अशी माझी अपेक्षा होती. येथे तसे फारसे कोणी करीत नाही. जो तो आपला लोभ अत्यंत गंभीरपणे, एखाद्या पवित्र कर्तव्यासारखा पार पाडतो. हसू येते ते आपल्याला. पंकज कपूर तेव्हा तिशीच्या आतला होता. त्याचा तरनेजा आवाज चढवीत नाही, हसतो व आदराने बोलतो. असे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते गावात जमीन विचारायला येतात तेव्हा आजीच्या पाया पडतात. उलट ओम पुरीचा अहुजा हा धिप्पाड, दारूबाज आणि आरडाओरडा करणारा. दारूच्या धुंदीत त्याला रस्त्यात ती शवपेटी आढळते. ती त्याला बंद पडलेली मोटार वाटते, आणि आत बसलेल्या मृताशी तो मोठ्या आपुलकीने बोलू लागतो. मनात आले, जिवंत डिमेलोशी इतक्या आपुलकीने ह्या साऱ्या कथेत कोणी बोलले आहे काय?

नसीरुद्दीन शहा व रवी बासवानी हे ते दोन छायाचित्रकार. नसीरुद्दीन त्या वेळी नामांकित झाला होता; तरी आपण मोठे नट आहोत हे तो कुठे जाणवू देत नाही, आणि बासवानीला बरोबरीची जागा देतो. बासवानीला त्या वर्षीचे उत्कृष्ट विनोदी नटाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. दोघेही भाबडे आहेत, परंतु अगदी सोवळे नाहीत. पैशाचा मोह त्यांनाही शिवतो. हे मला फार खरे वाटले.

ह्या मंडळीत एक आपली मराठी नटी आहे, भक्ती बर्वे. पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘ती फुलराणी’मुळे तिचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेला होता. येथे ती ‘खबरदार’ नावाच्या पत्राची संपादिका शोभा सेन झाली आहे. अन्यायाला वाचा फोडणारी, मुलांना सत्याच्या कामाला जुंपणारी ही बाई. आणि पुरावा हाती येताच ती त्याचा भाव ठरवू लागते. भक्तीबाईंनी स्वरात यत्किंचितही फरक केलेला नाही! सत्याबद्दल बोलतानाचा जो आवाज, तोच सौद्याचा. तरनेजाची भीती वाटते ती वाटतेच, पण मला अधिक भीती ह्या बाईची वाटली. व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हा लोकांना तर ती वाटावीच. भक्तीबाई २००१ साली मोटार अपघातात गेल्या.

आणि डिमेलो! सतीश शहा ह्या नटाला आरंभी थोडा वेळ जिवंत राहायला मिळते. आयुक्तसाहेब अमेरिकेला जाऊन आलेले आहेत आणि तेथील गटारांचे त्यांना विलक्षण कौतुक आहे. मग ते मरतात, आणि नटाचे खरे काम तेथून सुरू होते. प्रेताची भूमिका सोपी असे कोणास वाटेल. मी आजवर अनेकांना माती दिली आहे. मृत देहाचे जडत्व काय असते हे खांदा देणाऱ्याला ठाऊक असते. सतीश शहाने ते जडत्व अंगी आणले आहे. लोक त्याला ओढतात, उभे करतात, मिठी मारतात, तो मात्र कशातच नसतो. महाभारताच्या नाटकात तो साडी नेसलेली द्रौपदी होऊन उभा राहतो तेव्हा तर कौरव, पांडव, बिल्डर, पोलीस सारेच त्या द्रौपदीवर हक्क सांगू लागतात. आंधळा धृतराष्ट्र हे काय चालले आहे म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो आणि त्याला कोणी धड उत्तर देत नाही. नाटकातला दुःशासन झाला आहे विधु विनोद चोप्रा, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. आपल्या गावच्या नाटकात प्रवेश चुकून भलताच नट रंगमंचावर आला म्हणजे जी धांदल उडते, ती शंभरपट करून पाहावी. मीही हसलो, हे कबूल करतो.

हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली. त्या रंगमंचावर खोटे न बोलणारा एकच जण होता, आणि तो मेलेला होता.

सतीश शहा २५ ऑक्टोबर २०२५ रोजी वारले. त्यानंतर आठवड्याभरात आपला मृतात्म्यांचा दिवस आला. कबरींवर पवित्र पाणी शिंपडत असताना मला ह्या नटाची आठवण झाली, आणि त्यांच्यासाठीही मी एक प्रार्थना म्हटली. वाचकबंधूंनी रागावू नये.

त्यांचा दुसरा आक्षेप नावाविषयी होता. लाचखोर अधिकारी डिमेलोच का? मला वाटते, चित्रपटात तरनेजा आहे, अहुजा आहे, श्रीवास्तव आहे, सेन आहे. प्रत्येक समाजाने आपापला माणूस पाठवला आहे. आपलाच तेवढा वगळला असता तर ते खोटे झाले असते. वसईत हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या मागे जे उभे राहिले ते आपले होते, आणि जमिनीचे दलाल झाले त्यांतही आपले होते.

शेवटाकडे पूल कोसळतो. शोभा सेन, तरनेजा, अहुजा, पोलिसांचे साहेब असे सारे एक होतात आणि दोष त्या दोन पोरांवर टाकतात. कैद्यांच्या कपड्यांत ती दोघे शहरातून चालत येतात. मागे शाळेत म्हणतात ते आशेचे समूहगान वाजत असते. मग ती आपल्याकडे वळून गळ्यावरून बोट फिरवतात. खोलीत कोणी हसले नाही.

जावई बराच वेळ गप्प होता. भोपाळ हे शहर असे की तेथे ह्या चित्रपटानंतर पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये, विषारी वायूने एका रात्रीत हजारो माणसे मारली. कारखान्याच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली ती २०१० साली. पुलाचेही तसेच. ऐशबागेतील रेल्वेवरच्या नव्या पुलाचे वळण काटकोनात आहे म्हणून २०२५ च्या जूनमध्ये देशभर थट्टा झाली आणि सात अभियंते निलंबित झाले. पुढे उच्च न्यायालयापुढे तज्ज्ञाचा अहवाल आला की वळण नव्वद नव्हे, ११८ ते ११९ अंशांचे आहे. कुंदन शहा हयात असते तर हा प्रसंग त्यांनी सोडला नसता.

“फादरमामा,” जावई अखेर म्हणाला, “तरनेजाला ओळखता येते. तुम्ही एक पाहिले का? डिमेलो मेला, पण त्याची खुर्ची रिकामी राहिली नाही. श्रीवास्तव येऊन बसलाच. सही नाकारताना आम्हाला तेच आठवते. आपण नाही केली तर दुसरा करणार.”

“मग तू करतोस काय?” मी विचारले.

“अजून तरी नाही,” तो म्हणाला, आणि दिवा मालवायला उठला.

वाचकबंधूंना माझे उत्तर असे की आपण नातवाशेजारी बसून तो चित्रपट एकदा पाहावा. शवपेटीच्या प्रसंगी डोळे मिटावेसे वाटले तर खुशाल मिटावे. शेवटची पाच मिनिटे मात्र उघडे ठेवावे, आणि नंतर मुलाने काही विचारले तर झोपायची घाई करू नये.