किल्ली कोणाच्या हातीं?

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानें सिद्ध होत आहे. त्याकरितां जुनीं छायाचित्रें व पत्रें पुणें, इंदूर, बडोदें येथील आप्तांकडून मिळविण्याचें काम धाकट्या पुतण्यानें अंगावर घेतलें. ज्यानें त्यानें घरबसल्या आपापलीं चित्रें पाठवावीं, म्हणून त्यानें एक संकेतस्थळ रचलें. एके रात्रीं तें पाहत असतां माझ्या ध्यानांत आलें कीं, साऱ्या संग्रहाची गुप्त किल्ली त्यानें पानाच्या प्रोग्रॅममध्येंच लिहून ठेविली आहे! ही चूक अनेक हुशार तरुणांकडून घडते. म्हणून तिचा येथें विचार करूं.

क्लाउड स्टोरेज म्हणजे परक्या कोठारांत भाड्यानें घेतलेली जागा. अमेझॉन कंपनीनें 'एस-थ्री' नांवाचें असें कोठार १४ मार्च २००६ रोजीं खुलें केलें; २०१६ पासून मुंबईंतही त्याची सोय आहे. तेथील आपल्या कप्प्यास 'बकेट' म्हणतात. त्यांत कांहीं ठेवावयाचें वा त्यांतून आणावयाचें, तर विनंती पाठवावी लागते आणि तिच्यावर गुप्त किल्लीच्या आधारें गणितानें काढलेली सही असावी लागते. किल्ली घरींच राहते. जाते ती केवळ सही. विनंतींत वेळही नमूद असते. आपल्या संगणकाचें घड्याळ १५ मिनिटांहून अधिक चुकलें असल्यास ती नाकारली जाते.

हा सारा खटाटोप हातानें करणें जिकिरीचें असतें. त्यासाठीं 'क्लायंट लायब्ररी' म्हणून तयार प्रोग्रॅम मिळतात. पायथॉन भाषेंत लिहिणारांस 'बोटो-थ्री' ही लायब्ररी उपलब्ध आहे. ती सही करते. मोठी फाईल तुकडे पाडून पाठविते. एखादा तुकडा वाटेंत अडखळला तर तेवढाच पुन्हां धाडते. कोठारावर ताण असेल तर थोडें थांबून, पुढील खेपेस त्याहून अधिक थांबून, पुन्हां विचारते. जुन्या पेढीवरील कसलेला कारकूनच म्हणाना!

परंतु या कारकुनास माणूस ओळखतां येत नाहीं. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या नांवें तो निमूटपणें सही करतो. संकेतस्थळाचें पान तर पाहणाराच्या ब्राउझरमध्यें जसेंच्या तसें उतरतें आणि तें कोणासही वाचतां येतें. त्यांत किल्ली सांपडली, कीं तिला दिलेले सारे अधिकार त्या परक्याचे झाले. तो चित्रें पुसूं शकेल, किंवा भलत्याच फायलींनीं बकेट भरील आणि बिल आपल्या माथीं येईल.

मग उपाय काय? किल्ली आपल्या सर्व्हरवरच राहूं द्यावी. पाठविणारा आप्त कोण, हें आधीं सर्व्हरनें ओळखून घ्यावें व मग लायब्ररीकडून एक सही केलेला दुवा करवून त्यास द्यावा. तो एकाच फायलीपुरता, एकाच कामापुरता आणि ठराविक मुदतीचा असतो. कमाल मुदत ७ दिवसांची. पण मुदतींत तो ज्याच्या हातीं पडेल त्यास चालतो, म्हणून १० मिनिटें पुष्कळ झालीं. त्या दुव्यानें ब्राउझर चित्र थेट कोठारांत धाडतो. मात्र बकेटच्या नियमांत आपल्या संकेतस्थळाचा पत्ता नोंदविलेला हवा. एरव्हीं ब्राउझरच मध्यें आडवा येतो.

आणखी दोन गोष्टी. सर्व्हरच्या किल्लीस फायली पुसण्याचा अधिकार देऊंच नये. तसेंच बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती राखण्याची सोय बकेटमध्यें असते. परंतु ती आपण होऊन सुरू करावी लागते.

पुतण्यानें प्रथम पानांतील किल्ली पुसली व काम झालें असें मानलें. मीं म्हटलें, "बाळ, ज्यानें ती उतरून घेतली असेल, त्याचें काय? आधीं ती रद्द कर, मग नवी घे." त्यानें तत्काळ तसें केलें. सुदैवानें कांहीं हानि झाली नव्हती. इंदूरच्या आत्याबाईंनीं पाठविलेलें आजोबांचें शेवटचें पत्र त्याच बकेटमध्यें होतें. मूळ कागद केव्हांच वाळवीनें खाल्ला आहे. पुतण्याला तें ठाऊक नव्हतें. मीं सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं; मग उठून त्यानें जुन्या प्रती राखण्याची सोयही सुरू केली.