मोठा घास आणि शिष्टाचाराचा दरारा

कसे खावे, हे सांगणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. कुणी काय खावे, कुणाच्या पंगतीला बसून खावे हे ठरवणारे होतेच. आता त्यांच्या जागी हॉटेलातल्या टेबलावरचे नवे पंच आले आहेत. गेल्या वर्षी आमच्या एका तरुण वकील मित्राने पहिला मोठा खटला जिंकला आणि आम्हा चौघांना पुण्यातील एका जपानी हॉटेलात नेले. ताटात आले ते सुशीचे बांगडीएवढे रुंद तुकडे. चॉपस्टिकमधून एक निसटला, फुटला, भात टेबलावर सांडला. शेजारच्या टेबलावरून हसू आले आणि कुणीतरी म्हणाले, "सुशी एका घासात खातात, एवढेही माहीत नाही!" बिचाऱ्याने पुढे काही खाल्लेच नाही. बिल मात्र त्यानेच भरले.

आम्हाला प्रश्न पडला, की हा नियम आला कुठून? सुशी म्हणजे कच्चा मासा, हा पहिला गैरसमज. सुशीचा प्राण आहे व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला भात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली निगिरी सुशी गाड्यांवर विकली जाई. हानाया योहेई या विक्रेत्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. ती आजच्या निगिरीच्या दुपटीहून मोठी असे. घाईत असलेली माणसे ती उभ्यानेच, हाताने, दोन-तीन घासांत खात. पुढे आकार लहान झाला आणि मग 'एका घासात' हा संकेत रुळला. म्हणजे नियम लहान तुकड्याचा आहे. ज्या कारणासाठी नियम झाला ते कारणच उरले नाही, तर नियम लावायचा कशावर, हा युक्तिवाद आम्ही कोर्टात रोज करतो. तो इथेही चालतो.

जपानमध्ये जाड गुंडाळीला फुतोमाकी म्हणतात. 'फुतो' म्हणजे जाड. तिची रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्तही असते. आत अंड्याची गोडसर पोळी, शिजवलेले शिताके मशरूम, काकडी, दुध्याच्या जातीच्या फळाच्या वाळवून शिजवलेल्या पट्ट्या असतात. पुष्कळदा कच्चा मासा नसतोच. असा तुकडा तोंडात कोंबून गाल फुगवणे हा काही शिष्टाचार नव्हे. तो सरळ हाताने उचलावा. बाहेरून नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा कागद असेल, तर हात चिकट होत नाही. ताटाबरोबर ओला रुमाल येतो तो त्यासाठीच. नोरी भाताच्या ओलाव्याने चिवट होते, म्हणून तुकडे समोर आल्यावर गप्पा मारत बसू नये. दातांनी सरळ तोडावी. ओढली की आतले सगळे बाहेर येते. उरलेला अर्धा तुकडा सर्वांच्या ताटात परत ठेवू नये, हातात किंवा आपल्या बशीत ठेवावा. सोया सॉसमध्ये भात बुडवला की तो सुटतो. कडेला किंचित लावावा. अमेरिकेत वाढलेल्या कॅलिफोर्निया रोलसारख्या प्रकारांत भात बाहेर असतो. तिथे चॉपस्टिक बरी, नाहीतर काटा मागावा. काटा मागितल्याने कुणाची इज्जत जात नाही. आणि खरे शहाणपण मागवण्याआधी: "तुकडे बारीक कापा" एवढे म्हणावे.

पाळावेत असे नियमही आहेत. एकाने आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये. जपानमध्ये दहनानंतर नातेवाईक मृताच्या अस्थी चॉपस्टिकने उचलतात, त्याची ती आठवण ठरते. भातात चॉपस्टिक उभी रोवू नये. तसा भात मृतासमोर ठेवतात. या नियमांमागे कुणाचे तरी दुःख आहे, म्हणून ते आम्ही बिनतक्रार पाळतो. शेजाऱ्याला हसण्याची सोय व्हावी म्हणून असलेले नियम वेगळे.

आता सर्वात मोठ्या गुंडाळीची गोष्ट. फेब्रुवारीच्या आरंभी सेत्सुबुनच्या दिवशी एहोमाकी खातात: वीतभर लांब, न कापलेली, शुभ दिशेकडे तोंड करून, संपेपर्यंत न बोलता. दिशा दरवर्षी पंचांगाप्रमाणे बदलते. 2025 मध्ये ती पश्चिम-नैऋत्य होती. (दिशेने भाग्य उजळते असे मानणारे फक्त आपल्याकडेच नाहीत, एवढाच दिलासा.) ही रीत मूळची ओसाका भागातली. 1989 मध्ये हिरोशिमात एका दुकानसाखळीने ती विकायला घेतली आणि 1998 मध्ये देशभर नेली. म्हणजे 'अखंडच खावी' या आग्रहाला देशभर पोहोचवले ते बाजाराने. लहान मुले आणि वृद्ध यांना तर ती कापूनच द्यावी. भात आणि चिवट नोरी घशात अडकते, आणि अशा वेळी मौन पाळणे जिवावर बेतू शकते.

त्या बाजाराची किंमत कोण मोजतो, हे जपानी वृत्तपत्रांनीच छापले. काही दुकानांत अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना गुंडाळ्या खपवण्याचा कोटा दिला जाई आणि उरलेल्या त्यांनीच विकत घ्याव्यात असा दबाव येई. 1947 च्या जपानी कामगार कायद्यात मजुरी पूर्ण आणि थेट कामगाराच्या हाती द्यावी असे कलम 24 सांगते. करारभंगाचा दंड आधीच ठरवून ठेवायला कलम 16 मनाई करते. कायदा आहे, पण तासावर राबणारे पोर मालकासमोर कलम वाचून दाखवेल काय? रात्री उरलेला माल कचऱ्यात जाई तो वेगळाच. 2018 मध्ये ह्योगो प्रांतातील एका सुपरमार्केटने 'आता पुरे' अशी जाहिरात देऊन गेल्या वर्षीइतक्याच गुंडाळ्या करण्याचे जाहीर केले. जानेवारी 2019 मध्ये सरकारच्या कृषी मंत्रालयाने व्यापाऱ्यांना मागणीपुरतेच उत्पादन करण्याचे आवाहन केले आणि त्याच वर्षी अन्नाची नासाडी कमी करण्याचा कायदा झाला. ताटात बेताने घेणे, हा आमच्या मते त्या टेबलावरचा पहिला शिष्टाचार. चॉपस्टिक कशी धरली, हे त्यानंतर.

परवा आमच्या त्या मित्राला आम्ही पुन्हा त्याच हॉटेलात नेले. चौघांत एकच मोठा रोल मागवला, आठ तुकडे करून. त्याने रुमालाला हात पुसले, तुकडा हाताने उचलला आणि दोन घासांत खाल्ला. बिल या वेळी आम्ही भरले.