पार्किंग आहे, म्हणजे हॉटेल चांगलं!

शनिवार-रविवार सुरतेला निघालात आणि कुणाला विचारलंत, "जेवायला कुठे जाऊ?" की उत्तरात वेसू येतं, पिपलोद येतं, व्हीआयपी रोड येतो आणि डुमस रोड तर येतोच. हॉटेलाच्या नावामागोमाग शिफारस काय, तर "पार्किंगला भरपूर जागा आहे." आचारी कसा आहे, तेल कोणतं वापरतात, डाळ कशी लागते, हे सगळं नंतर, आणि बऱ्याचदा नाहीच. सुरतेतल्या चांगल्या हॉटेलांची जी यादी तोंडोतोंडी फिरते, ती खाणाऱ्याने केलेलीच नाही. गाडी कुठे लावायची या विवंचनेत असलेल्याने ती केली आहे. तिच्यामागे धावणारा बिनगाडीचा पाहुणा खिसा रिकामा करून येतो आणि सुरत खायची राहून जाते.

जाणारा कोण असतो, तेही बघा. मुंबईहून फ्लाइंग राणीने रात्री दहानंतर उतरणारा नोकरदार. नाहीतर भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून ताप्ती लाइनने लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं अख्खं कुटुंब: दोन आत्या, एक मामी, नवरीची धाकटी बहीण आणि पिशव्या उचलायला धरून आणलेला भाचा. रविवारी कापड मार्केट बंद, म्हणून शनिवारी दिवसभर रिंग रोडवर साड्या उलगडून बघायच्या. संध्याकाळी पाय सुजलेले, हातात गठ्ठे, पोटात कावळे. अशा माणसांना तुम्ही सांगता, दहाएक किलोमीटरवर वेसूला जा! जाताना रिक्षा मिळते हो. येताना रात्री साडेदहाला रिक्षावाला जो आकडा सांगतो, तो ऐकून मघाचं पनीर घशाशी येतं.

पनीरच म्हणालो, कारण तिथे दुसरं काय असतं? पंजाबी, चायनीज, इटालियन, मेक्सिकन, आणि या चौघांच्या चवीत फरक ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं अशी परिस्थिती. हेच पनीर नाशिकला कॉलेज रोडवर मिळतं, पुण्यात बाणेरला मिळतं. त्यासाठी तापी कशाला गाठायची? पण आपल्या लोकांना एसी हवा, 'फॅमिली' अशी पाटी हवी आणि टेबलावर पांढरा नॅपकिन हवा. मग सूपपासून सुरुवात करून ते घरी येतात आणि सांगतात, "सुरतेत खाण्याचं एवढं काही विशेष नाही."

जून 2022 मध्ये महाराष्ट्राचे काही बंडखोर आमदार रातोरात सुरतेला पोहोचले आणि डुमस रोडच्या पंचतारांकित हॉटेलात बंदोबस्तात राहिले. सरकार पडलं, पक्ष फुटला, चॅनलवाल्यांनी हॉटेलच्या फाटकासमोर रात्र काढली. त्या आमदारांपैकी एकाने तरी लोचो हा सुरती नाश्ता खाल्ला का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. गाड्यांच्या ताफ्यातून आलेल्यांना शहर कसं दिसतं, याचा याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही.

"सुरतनुं जमण ने काशीनुं मरण" ही गुजराती म्हण झाली, तेव्हा वेसूला शेतं होती. जे जेवण तिच्या मनात होतं, ते जुन्या शहरातलं. आणि ते स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हेच कुणी सांगत नाही. दिल्ली गेटकडून राजमार्ग धरला की भागळ, पुढे चौक. आसपासच्या गल्ल्यांत सकाळी लोचोची भांडी वाफाळत असतात. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, खमणासारखी घट्ट न होऊ दिलेली, लिबलिबीत. वर तेल, मसाला, कांदा, शेव, हिरवी चटणी. कागदाच्या नाहीतर स्टीलच्या ताटलीत उभ्या उभ्या, गरम असेतो खायचा. दहा मिनिटांनी तो लगदा होतो, म्हणून पार्सल मागणाऱ्याला लोचो कळला नाही असं समजावं. अलीकडे त्यावर चीज घालतात. घालणाऱ्यांचं मी काही वाकडं करू शकत नाही, पण निषेध नोंदवून ठेवतो.

तसंच पुढे नानपुऱ्यात मक्काई पुलापाशी गेलं की दोटीवाला बेकरी. 1861 सालची. डच वखार बंद होताना भट्ट्या पारशी कामगाराच्या हाती आल्या, ताडीने आंबवलेला पाव उरून वाळायला लागला आणि त्याचीच बिस्किटं झाली, अशी तिची हकिगत सांगतात. बतासा बिस्किटं आणि नानखटाई घ्यायला गाडी लागत नाही. उलट त्या भागात गाडी नेणाऱ्याचीच दया येते.

मग अडचण कुठे आहे? चालण्यात आहे. याला आपली आळशी माणसं जितकी जबाबदार, तितकंच ते शहर. 1994 च्या प्लेगनंतर या गावाने कात टाकली. 1995 मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना एसी खोलीतून उठवून रोज गल्लीत पाठवलं, कचरा उचलला, अतिक्रमणं पाडली. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला नंबर पटकावला, तो फुकट नाही मिळाला. मान्य. पण स्वच्छ केलेले ते रस्ते दिले कुणाला? शंभरावर पूल बांधले आणि 'ब्रिज सिटी' म्हणून मिरवलं. पुलाखाली चालणाऱ्याने मात्र स्कूटर, लारी, खांब आणि खड्डा यांच्यामधून अंग चोरून जायचं. त्यात 2021 पासून मेट्रोचं काम. चाळीस किलोमीटरच्या मेट्रोचा भुयारी तुकडा नेमका स्टेशन ते चौक बाजार या खाण्याच्या रस्त्याखालून जातो. एक दिवस उत्तमच होईल. तोवर पत्र्याच्या भिंती चाटत चाला.

आणि फुटपाथ नाहीत असंही नाही! पिपलोदच्या गौरव पथावर रविवारी संध्याकाळी जाऊन बघा. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, तर बघाच. सुरती माणूस गाडी कडेला लावतो, डिकीतून चटई काढतो आणि फुटपाथवर अंथरून सहकुटुंब घारी ही मिठाई आणि भुसूं, म्हणजे फरसाण, खातो. दृश्य झकास असतं, मलाही आवडतं. फक्त फुटपाथ कुणाच्या उपयोगी येतो, याची नोंद घ्या.

यादीवाल्यांचं दुसरं अज्ञान पंचांगाचं. सुरतेत महिना बघून खायचं असतं. थंडी असेल तर पोंक, म्हणजे आपला हुरडाच, पण लिंबू-मिऱ्याची शेव आणि लसणाच्या चटणीबरोबर. शिवाय पोंकाचे वडे. कतारगामची पापडी घातलेलं उंधियुंही त्याच दिवसांतलं. हे सोडून जानेवारीत सुरतेला जाऊन पिझ्झा खाणाऱ्याला मी काय बोलू? आणि मे महिन्यात जाऊन पोंक मागणाऱ्यालाही तेच.

तिसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही, म्हणून मी बोलतो. तापीपलीकडच्या रांदेरला पाहुण्याला कुणी पाठवत नाही. रांदेरचे व्यापारी ब्रह्मदेशाशी व्यापार करायचे, रंगूनला त्यांच्या पेढ्या होत्या. तिथून त्यांच्याबरोबर नारळाच्या रश्शातला खावसा आला. आलू पुरीसुद्धा रांदेरचीच म्हणून नावाजलेली. शहरी बस नदी ओलांडून त्या बाजूला जाते. तरी यादीत रांदेर का नाही? कारण वस्ती मुसलमानांची आहे आणि यादी 'शुद्ध शाकाहारी' चाळणीतून आलेली आहे. आलू पुरी शाकाहारी आहे, पण चाळणी पदार्थाला नसून पत्त्याला लावलेली आहे. त्याच चाळणीत अंड्याच्या लाऱ्याही गळतात. सुरतेतला 'घोटाळा' तव्यावर होताना एकदा बघावा, खाणं पुढे आपोआप होतं. 2021 च्या नोव्हेंबरात राजकोट, वडोदरा, अहमदाबाद इथल्या महापालिका अंडी-मांसाच्या गाड्यांमागे लागल्या, तेव्हा लोकांनी काय खायचं ते तुम्ही कसे ठरवणार, अशा शब्दांत गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेला झापलं. पाहुण्यांच्या याद्या करणाऱ्यांना झापणारं न्यायालय नाही, एवढंच.

आणि आमचा मराठी पाहुणा! लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्यांच्या पिढ्या नांदताहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत तिथे. रिक्षात बसल्यावर हा पाहुणा मोडक्यातोडक्या हिंदीत "भैया, कोई अच्छा होटल?" म्हणतो, आणि तो 'भैया' शिरपूरचा निघतो. त्याला मराठीत, जमलं तर अहिराणीत विचारा, "भाऊ, तुम्ही कुठं खाता?" तो हॉटेलच्या कमिशनचं विसरून खरं सांगेल. शेवभाजी हवी असेल तर तिचाही पत्ता देईल.

कुणी म्हणेल, आजींचे गुडघे दुखतात, त्यांनी गल्ल्यांत उभं राहून खायचं का? नाही. त्यांनी खुशाल वेसूला बसून जेवावं, म्हणूनच मी बस मागतो. शंभराहून अधिक किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे वेगळ्या मार्गिकेवरची बससेवा, आहे असं सुरत अभिमानाने सांगते. तिचा पहिला टप्पा 2014 मध्ये उधना दरवाजाहून सचिनच्या औद्योगिक वसाहतीकडे गेला. कामगाराला कामावर पोहोचवायची निकड ओळखली, छान केलं. आता त्याच कामगाराला आणि त्याच्या पाहुण्याला शनिवार-रविवारी रात्री जेवून परत आणा. वेसू, पाल, डुमसहून स्टेशनपर्यंत रात्री साडेअकराला एक बस, आणि भागळ ते चौक किमान एका बाजूला दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद वाट. आणि हॉटेलवाल्यांनो, दारावर 'व्हॅलेट पार्किंग' लिहिता तिथे त्याच्या वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, जवळच्या बस थांब्याचं नाव लिहा.