शाल-श्रीफळ पुरे, आता गाण्याच्या मालकीचे बोला!

१४ एप्रिल जवळ आला की सोलापुरातल्या मंडळांच्या बैठकीत दोन आकडे ठरतात. एक साउंड सिस्टीमचा, दुसरा गायकाचा. साउंडवाल्याला आगाऊ रक्कम जाते आणि बाकी मिरवणुकीआधी चुकती होते. "समाजाचे काम आहे, जरा सांभाळून घ्या" असे त्याला कोणी म्हणत नाही, कारण तसे म्हटले तर त्याची गाडी येणार नाही. गायकाला मात्र हेच वाक्य दरवर्षी ऐकवले जाते. रात्रभर गायल्यावर त्याच्या हाती शाल, श्रीफळ आणि एक पाकीट पडते. ढोलकीवाला, कोरस, गाडीभाडे हे सगळे त्या पाकिटातच बसवायचे.

हे दुखणे जुने आहे. नवे दुखणे त्याच्या पुढचे आहे. तोच कार्यक्रम कोणीतरी उतरवून घेतो आणि आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकतो. लाखभर लोक बघतात, खाली जय भीमच्या कमेंटांची रांग लागते. गायकाचे नाव होते, पण जाहिरातीचा पैसा चॅनेलच्या मालकाच्या खात्यात जातो. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो: व्ह्यूज म्हणजे मजुरी नव्हे. ज्याच्या नावावर चॅनेल आणि रेकॉर्डिंग, त्याचाच पैसा. आंबेडकरी कलावंताने आपल्या गाण्याची मालकी स्वतःकडे ठेवलीच पाहिजे, आणि त्यासाठी चळवळीने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

सोलापूरकरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मागावर चादर विणतो कामगार आणि लेबल लागते दुसऱ्याचे. सोलापुरी चादर जगभर गेली, पण विणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक आहे? कॅसेटच्या जमान्यात भीमगीतांचेही असेच झाले. एकरकमी पैसे द्यायचे, कागदावर सही घ्यायची, मग कॅसेट कितीही खपो. कॅसेट गेली, पण न वाचता सही करण्याची सवय गेली नाही.

आता काही जण म्हणतील, "चळवळीचा बाजार मांडता काय? वामनदादांनी पैसा बघितला होता काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. कामाचा मोबदला न देता ते कर्तव्य म्हणून करून घ्यायचे, याला आपल्या गावात काय म्हणत होते? वेठ म्हणत होते. महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या याच वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. शूद्राने धनसंचय करू नये असे सांगणारी मनुस्मृती त्याआधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला जाळली गेली. त्या बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्याने मात्र धन मागू नये, हा कोणता न्याय? आपली दहा भाषणे आणि शाहिराचे एक गाणे बरोबरीचे, असे बाबासाहेब म्हणत, हे प्रत्येक जयंतीला स्टेजवरून सांगितले जाते. मग त्या गाण्याचे मोल स्टेजवरून उतरताच नारळाएवढे का होते? वामनदादांच्या पिढीने जे सोसले ते त्यांचे मोठेपण आहे. पुढच्या पिढीला उपाशी ठेवण्याचा तो परवाना नाही.

आता व्यवहार बघू. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे लागते. किंवा तेवढेच सबस्क्रायबर आणि नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे, म्हणजे पाच मिनिटांचे गाणे अठ्ठेचाळीस हजार वेळा पूर्ण ऐकले गेले पाहिजे. हा डोंगर नाही. जयंतीच्या मिरवणुकीत रस्त्यावर उतरणारी माणसे आठवा. त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले पंचावन्न टक्के चॅनेलला मिळतात. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा आहे, तिथला वाटा पंचेचाळीस टक्क्यांचा आहे. नुसत्या जाहिरातीवर घर चालेल असे आम्ही म्हणत नाही. पण चॅनेल हा कलावंताच्या दुकानाचा बोर्ड आहे. तो बघून सुपारी येते आणि सुपारीचा दर वाढतो. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात अशाच व्हिडिओंमधून घराघरांत पोहोचल्या, कोणत्या कंपनीच्या दारातून नाही.

दुसरी गोष्ट चालीची. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधण्याची आपली जुनी पद्धत आहे. गल्लीत ती चालून जाते. यूट्यूबवर मात्र कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चाल किंवा ट्रॅक ओळखते आणि दावा लागला की शब्द तुमचे, आवाज तुमचा, पैसा म्युझिक कंपनीचा. आपल्याकडे पोवाडा आहे, गोंधळ आहे, भारुड आहे, हलगी आहे. या पारंपरिक चाली कोणत्याही कंपनीच्या बापाच्या नाहीत. ताल आपला, वाजवणारे हात आपले, मग उसन्या चालीचे भाडे कशाला भरायचे?

तिसरी गोष्ट कागदाची. तमिळ रॅपर अरिवू आपल्याच विचारांचा कलावंत. भूमिहीन पूर्वजांची वेदना सांगणारे त्याचे 'एन्जॉय एन्जामी' मार्च २०२१ मध्ये एका कंपनीच्या चॅनेलवर आले आणि कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावरून अरिवूच गायब झाला, तेव्हा पा. रंजित यांना जाहीर निषेध करावा लागला. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगितले की त्या गाण्यातून तिघाही कलावंतांना काहीच पैसा मिळालेला नाही. कंपनीने आपली बाजू वेगळी मांडली. खरे-खोटे ते ठरवोत. आपण एवढेच शिकायचे की चॅनेल आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे असेल तर कोटींचे व्ह्यूजही हातात पडत नाहीत. ऊस घालणारा शेतकरी काट्याची पावती मागतो. गायकाने का मागू नये?

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या कवीचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कोणत्याही कराराने काढून घेता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. आपल्याच बार्शीचे शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले, त्यांचा २०२९ अखेरपर्यंत. वारसांना विचारल्याशिवाय, कवीचे नाव न टाकता ही गाणी चॅनेलवर चढवणारे आपल्यातही आहेत. प्रस्थापितांना चोर म्हणायचे तर आधी आपले घर झाडले पाहिजे.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे: गायकाचा आकडा साउंडच्या आधी ठरवा आणि रेकॉर्डिंग गायकाच्याच चॅनेलवर जाईल असे लिहून द्या. कलावंतांनो, चॅनेल, ईमेल आणि बँक खाते स्वतःच्या नावावर ठेवा. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, वाटा किती, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर घ्या. कवी-संगीतकारांनी आयपीआरएसचे सभासद व्हावे. आणि तरुणांनो, व्हॉट्सअॅपवर गाण्याची फाइल फिरवू नका, लिंक पाठवा. फाइलीतून कलावंताला एक छदामही मिळत नाही.

१९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात वसतिगृह काढले. 'शिका' असे नुसते सांगून बाबासाहेब थांबले नाहीत, शिकणाऱ्याला छप्पर दिले. आज पाच-दहा मंडळांनी मिळून एका खोलीत माईक, संगणक आणि करार वाचून दाखवणारा एक वकील एवढे उभे केले, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाहिराला छप्पर मिळेल. एका मिरवणुकीच्या साउंडमधून थोडी कपात केली तरी ते होईल. येत्या बैठकीत हा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

जय भीम!